प्रवेशापूर्वीचे वर्ष : परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी

पेठेत मंदीचे दिवस येतात तेव्हा शहाणा व्यापारी दुकानाच्या ओट्यावर हात बांधून बसत नाही. तो वखार झाडून घेतो, वजनकाटे तपासतो, मागे पडलेली खतावणी पुरी करतो. आणि तेजी येते तेव्हा त्याचे दुकान सज्ज असते. विद्यार्थ्याच्या आयुष्यातही असे मंदीचे दिवस येतात. बारावी झाली, परिचर्येच्या शाळेचा अर्ज गेला, परंतु यंदा जागा मिळाली नाही. बेळगुंदीसारख्या खेड्यात काय किंवा बेळगाव-निपाणीच्या पेठेत काय, अशा मुलीचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. बहुधा वर्ष वाया जाते. कित्येकदा त्या वर्षाबरोबर मुलीची उमेदही जाते. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार येथे करावयाचा आहे.

दोन पूर्वोदाहरणे

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाही दीर्घ काळ थांबावे लागले होते. १८४५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी रुग्णालयात शिकण्याची परवानगी मागितली. घरच्यांनी ती नाकारली. पुढील काही वर्षे त्या पहाटे उठून रुग्णालयांचे व सार्वजनिक आरोग्याचे अहवाल अभ्यासीत राहिल्या. १८५१ साली त्यांना जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने शिक्षण घेता आले. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या सेवेस त्या गेल्या आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचर्येची शाळा निघाली. शिक्षण तीन महिन्यांचे, पण त्यामागे तयारी अनेक वर्षांची होती.

आपल्याकडील उदाहरण पुण्याचे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनात रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचर्या शिकविण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था केली. त्या काळी प्रतिष्ठित घरांतील लोक या कामाकडे नाक मुरडीत. परंतु सेवासदनात आधी लिहिणे-वाचणे शिकवावे, मग व्यवसायाकडे न्यावे, असा क्रम होता. पूर्वतयारी हीच पहिली पायरी, हा त्यातील धडा आजही खरा आहे.

वाटा कोणत्या ?

प्रथम मार्ग नीट ओळखला पाहिजे. सहायक परिचारिका व प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा आहे. वयाची किमान अट सतरा वर्षांची. बी.एस्सी.साठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि सर्वसाधारण वर्गास ४५ टक्के गुण लागतात. जी.एन.एम. मात्र कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास खुला आहे; बारावीला इंग्रजी व ४० टक्के गुण असावे लागतात. वाणिज्य शाखेच्या मुलीने निराश होण्याचे कारण नाही. मुलांसही जी.एन.एम. व बी.एस्सी. खुले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

कर्नाटकात बी.एस्सी.च्या शासकीय वाट्याच्या जागांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातही स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. सीमाभागातील पालकांनी रहिवासाचे नियम दोन्ही बाजूंचे वाचून मगच अर्ज करावेत. संस्था राज्याच्या परिचर्या परिषदेने मान्य केलेली आहे की नाही, हे स्वतः पडताळावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर आगाऊ रक्कम देणे म्हणजे नमुना न पाहता माल उचलण्यासारखे आहे.

थांबण्याच्या काळात काय शिकावे ?

पहिली गोष्ट भाषा. आपल्या मुलीची घरची भाषा मराठी, पाठ्यपुस्तक इंग्रजी, आणि बेळगावच्या रुग्णालयातील खाटेवरचा रोगी बहुधा कन्नड बोलणारा. दुखते कोठे, कधीपासून, काय खाल्ले, एवढे तरी कन्नडमधून विचारता व समजता आले पाहिजे. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात हे सहज साधते.

दुसरी गोष्ट प्रथमोपचार. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था प्रथमोपचाराचे व गृहपरिचर्येचे अल्प मुदतीचे वर्ग चालविते. शिवाय जनरल ड्यूटी असिस्टंट हा रुग्णालयातील मदतनिसाचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. त्यात रोग्यास उठविणे-बसविणे, अंघोळ घालणे, अंथरूण बदलणे ही कामे शिकवितात. ही कामे हलकी नव्हेत. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही तर त्याच्या पाठीस जखमा होतात. त्या भरून येण्यास महिने लागतात.

तिसरी गोष्ट घरचा सराव. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटास ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतो. घड्याळ समोर ठेवून घरातील प्रत्येकाची नाडी मोजावी व वहीत तारखेसह लिहावी. साबणाने हात धुण्याची रीत ४० ते ६० सेकंदांची आहे. ती अंगवळणी पाडावी. जुलाबाच्या रोग्यासाठी तयार पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, हे प्रमाण तोंडपाठ असावे. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीस रोजमेळ परका नाही. रोग्याच्या नोंदीची वही हाही एक रोजमेळच आहे, आणि त्यातील चूक पैशाने भरून निघत नाही.

एक धोक्याची सूचना

थांबण्याच्या काळात एखाद्या लहान दवाखान्यात काम मिळते. ते अवश्य करावे; परंतु मदतनीस म्हणून करावे. काही ठिकाणी न शिकलेल्या मुलीस पांढरा पोशाख देऊन परिचारिका म्हणवितात व तिच्याकडून सुया टोचवून घेतात. यात रोग्याच्या जिवास धोका आहेच, पण मुलीचेही नुकसान आहे. नोंदणी नाही, म्हणून पगार वाढत नाही. दोन पैसे हाती येतात, म्हणून अर्ज करणे राहून जाते. एका वर्षासाठी धरलेली वाट जन्माची होऊन बसते. याकरिता काम धरतानाच पुढील अर्जाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, आणि मिळकतीतील काही भाग शुल्कासाठी वेगळा काढावा. केलेल्या कामाचे तास व तारखा नमूद असलेला दाखलाही मागून घ्यावा.

पालकांस विनंती

औषधदानाचे महत्त्व आपल्या समाजास सांगावयास नको. दवाखान्यास देणगी देणारे हात आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु ते औषध रोग्यास वेळेवर पाजणारा शिकलेला हातही हवा. तो हात आपल्या घरातील असेल, तर त्यात कमीपणा कसला? परिचर्या परिषदेविषयीचा १९४७ चा कायदा बदलून नवे राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा २०२३ साली संमत झाला. या व्यवसायाची शिस्त अधिक कडक व्हावी, हा त्यामागील हेतू आहे. पुढील काळात शिकलेल्या व न शिकलेल्यांतील अंतर वाढेल, असे समजूनच चालावे.

तेव्हा जागा मिळाली नाही म्हणून मुलीस घरी बसवू नये, अगर घाईने भलत्याच वाटेस लावू नये. तिला एक वही द्यावी, एक घड्याळ द्यावे, आणि एक वर्ष द्यावे. पुढल्या जून महिन्यात ती अर्ज घेऊन निघेल तेव्हा तिच्या हाती केवळ गुणपत्रिका नसेल. कामाचा अनुभव असेल, आणि हे काम आपल्याला झेपते हा विश्वासही असेल.