हडंब्यानंतरची रात्र

जालन्यात दम्याचे पेशंट तपासता तपासता जे उमगत गेलं, ते इथे मांडतो. बरंचसं पेशंटनीच शिकवलं.

१. रात्री धाप लागली, तर दुपारची चौकशी करायची.
दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, संक्रांतीच्या सुमारास तूर. मळणीच्या हडंब्यापाशी उभा असलेला माणूस शिंकू लागतो, छाती घरघरते, तासा-दोन तासांत बरं वाटतं. हा पहिला झटका मास्ट पेशींचा. त्यांच्या अंगावर आयजीई नावाची प्रथिनं चिकटलेली असतात; ओळखीची धूळ त्यांना भिडली की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं. खरा घात पुढे होतो. चार ते आठ तासांनी रक्तातून इओसिनोफिल पेशी श्वासनलिकेत उतरतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. घरचे मध्यरात्री दवाखाना गाठतात आणि दोष ताटातल्या दह्याला देतात. मी विचारतो, "मामा, दुपारी कुठं होते तुम्ही?"

२. "इतकी वर्षं काहीच नव्हतं" हे खरं असतं.
ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. श्वासनलिकेतल्या डेन्ड्रायटिक पेशी परक्या कणांचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात, मग कुठे आयजीई तयार होऊ लागतं. कधी महिने जातात, कधी वर्षं. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. आज ते बदनापूरपासून परतूरपर्यंत बांधाबांधावर आहे. त्याच्या परागांनी नाक वाहणारे काही जण लहानपणी त्याच गवतात खेळलेले असतात.

३. जिनिंगचा दम वेगळा.
सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, आठवडाभरात हलकी होते, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. कापसाच्या धुळीत जिवाणूंचं विष असतं आणि ते फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींना थेट चेतवतं. इथे आयजीईची गरज नसते, म्हणून ॲलर्जीच्या तपासणीत काही सापडत नाही. कामगाराला सुट्टीचा वार विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

४. रक्तात इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच, असं नाही.
पोटात जंत असले तरी ते वाढतात. आधी तेही पाहावं.

५. चूल आणि बिडी यांचा हिशेब धरायचाच.
वायुकोशांतल्या मॅक्रोफेज एरवी धूळ गिळून टाकतात आणि बाकीच्या पेशींना शांत ठेवतात. फुप्फुसातली सगळ्यात मोलाची माणसं मला तीच वाटतात. तंबाखूच्या धुराने त्यांची गिळण्याची ताकद घटते. चुलीचा धूरही दमा चिघळवतो. घरात कोणी बिडी ओढत असेल, तर नुसत्या औषधावर भागत नाही.

६. पंप दोन, कामं दोन.
साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. चार-सहा तास मोकळं वाटतं, पण सूज तशीच राहते, इओसिनोफिल जागचे हलत नाहीत. त्यांना आवरतो तो स्टिरॉइडचा पंप, आणि त्याला दिवस, आठवडे द्यावे लागतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका, असंच सांगितलं आहे. तरी बरं वाटलं की लोक नेमका दुसराच पंप बंद करतात. म्हणे सवय लागते.

लग्नाच्या मुलीचा पंप तर लपवलाच जातो. "पाहुणे बघायला येणारेत, त्यापेक्षा गोळी द्या," असं आई दबक्या आवाजात म्हणते. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. लोकलाजेपायी त्या पोरीच्या अंगात कितीतरी पट जास्त औषध जातं. मला याची चीड येते. अशा वेळी मी पंप मुलीच्या हातात देतो, आईसमोरच तिला तो ओढायला लावतो, नंतर चूळ भरायला सांगतो, आणि स्थळ ठरवायच्या आधी नवऱ्या मुलालाही एकदा दवाखान्यात घेऊन या म्हणतो.