साइट हलवली, फोटो जुन्याच सर्व्हरवर: खर्च किती येतो?

शिर्डीतल्या लॉज-हॉटेलांच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक आधी खोल्यांचे फोटो आणि दरपत्रकाची पीडीएफ बघतं. होस्टिंग बदलताना पानं आणि बुकिंगचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर जातो, पण वर्षानुवर्षं साठलेल्या फाइली कधी कधी मागे राहतात. अशा वेळी नव्या सर्व्हरला सांगून ठेवता येतं: फाइल आपल्याकडे नसेल तर जुन्याकडून आणून दे. याला प्रॉक्सी म्हणतात. हे सेटिंग स्वस्तात होतं. पैसे जातात ते जुना सर्व्हर चालू ठेवण्यात.

आधी विचारा: प्रॉक्सी हवीच का?

सगळे फोटो मिळून दहा-वीस जीबी असतील, तर ते सरळ कॉपी करून घ्या. साठा फार मोठा असेल किंवा साइट तातडीने हलवायची असेल, तरच प्रॉक्सी.

खर्चाच्या बाबी

- सॉफ्टवेअर: शून्य. एनजिनएक्स आणि अपाचे ही वेब सर्व्हरची सॉफ्टवेअरं फुकट आहेत, लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेटही. बिलात यांची लायसन्स फी दिसली तर जाब विचारा.
- नवा सर्व्हर: शेअर्ड होस्टिंगवर ही सोय सहसा मिळत नाही, व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) लागतो. डिजिटलओशनचा सर्वांत लहान व्हीपीएस महिना 4 डॉलरला, 500 जीबी डेटासह मिळतो.
- जुना सर्व्हर: त्याचं भाडं सुरूच राहतं. नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षापेक्षा बराच चढा असू शकतो.
- डेटा: प्रॉक्सीतून येणारी फाइल आधी जुन्याकडून नव्याकडे आणि मग गिऱ्हाइकाकडे जाते. 300 केबीचा फोटो एक लाख वेळा उघडला की सुमारे 30 जीबी होतात; तेवढेच जुन्या सर्व्हरच्या खातीही पडतात. अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई केंद्रात बाहेर जाणारा डेटा महिन्याला 100 जीबी मोफत, पुढे जीबीमागे सुमारे 11 सेंट.
- मजुरी: सरळ प्रकरणात काम काही तासांचं असतं. तासाचा दर आणि अंदाजे तास लेखी घ्या. जीएसटी 18 टक्के, तो दरात धरला आहे की वेगळा, हेही विचारा.

पैसे वाचवणारी अट

एकदा आणलेली फाइल नव्या सर्व्हरवर कायमची साठवायला सांगा. एनजिनएक्समध्ये त्यासाठी ‘प्रॉक्सी स्टोअर’ आहे. मग तीच फाइल दुसऱ्यांदा जुन्याकडे मागावी लागत नाही.

काम ताब्यात घेताना तपासा

- प्रॉक्सी फक्त फोटो-पीडीएफच्या फोल्डरपुरती आहे ना? बुकिंग आणि पेमेंटची पानं तिच्यातून जाता कामा नयेत.
- जुन्या सर्व्हरला वेगळं नाव किंवा आयपी दिला आहे ना? मूळ डोमेन आता नव्याकडे वळलेलं असतं. तेच नाव दिलं तर सर्व्हर स्वतःलाच फाइल मागत बसतो.
- जुन्याच्या फायरवॉलमध्ये फक्त नव्या सर्व्हरला वाट ठेवली आहे ना?

रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमीचा पुण्यतिथी उत्सव आणि वर्षअखेर, यांच्या आधी बुकिंगची झुंबड असते. त्या दिवसांत हे काम काढू नका.

शेवटची तारीख ठरवा

जुन्या होस्टिंगचं नूतनीकरण कधी आहे ते पाहा आणि त्याच्या महिनाभर आधीची तारीख करारात घाला. तोवर उरलेल्या फाइली एकगठ्ठा कॉपी करून घ्यायच्या, जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मागणी थांबल्याची खात्री करायची, एक बॅकअप स्वतःकडे ठेवायचा आणि मगच जुनं खातं बंद करायचं. तारीख नसेल तर दोन्ही सर्व्हरांचं भाडं तुमच्याच माथी.