हायड्रोजनची गाडी गॅरेजला आली तर?

प्रश्न : पोंभुर्ण्यात माझं छोटं गॅरेज आहे. हायड्रोजनवर चालणारी गाडी बिघडली तर आधी काय तपासायचं?
– एक वाचक, पोंभुर्णा

उत्तर : इतक्यात ती तुमच्या दारात येणार नाही. नितीन गडकरींची टोयोटा मिराई आणि पुण्यात केपीआयटी-सीएसआयआरची बस, दोन्ही 2022 मध्ये लोकांसमोर आल्या. पण हायड्रोजनचे पंप कुठे आहेत?

तरी प्रश्न नेमका आहे. या गाडीत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वीज तयार होते. सायलेन्सरच्या जागी पाणी ठिबकतं, तो बिघाड नव्हे.

ताकद कमी पडली, तर आधी एअर फिल्टर बघा. तो धुळीबरोबर घातक वायूही अडवतो. कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड सेलमधल्या प्लॅटिनमला चिकटला की वीज घटते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळून रोजची ये-जा असेल, तर कंपनीच्या मुदतीची वाट न पाहता फिल्टर बदलावा.

दुसरं, कूलंट. ते वीजवाहक नसावं लागतं. दुकानातलं साधं कूलंट किंवा बोअरचं पाणी ओतलंत, तर इन्सुलेशनचा इशारा लागेल आणि गाडी बंद पडेल. सेल साधारण 80 अंशांवर चालतो. बाहेर 46 अंश असताना उष्णता बाहेर टाकायला फरकच कमी उरतो, म्हणून मे महिन्यात रेडिएटर स्वच्छ हवाच.

गाडी सुरूच होत नसेल, तर 12 व्होल्टची बॅटरी तपासा. नारिंगी केबल आणि 700 बार दाबाच्या टाक्यांना मात्र हात लावू नका. या वायूला ना रंग, ना वास. गळतीची शंका आली तर गाडी उघड्यावरच ठेवा, बिडी-काडी दूर, आणि कंपनीचा माणूस बोलवा.