जिन्यातला सेन्सर दिवा: रामनगरात खर्च किती, फायदा किती?

वाराणसीजवळच्या रामनगरची महिनाभराची रामलीला विजेच्या दिव्यांविना रंगते. ती पाहून रात्री घरी परतणाऱ्या वडीलधाऱ्यांना जिन्यात मात्र उजेड हवाच. माणसाची हालचाल ओळखून दिवा लावणाऱ्या पीआयआर सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे.

चालतो कसा?
आपल्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडतात. सेन्सरमध्ये पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. माणूस समोरून आडवा गेला की आधी एक तापतो, मग दुसरा. त्यातून विद्युत संकेत निघतो आणि दिवा लागतो. न हलता बसलेला माणूस त्याला कळत नाही, म्हणून न्हाणीघरात किंवा अभ्यासाच्या खोलीत तो लावू नका.

अंदाजे खर्च
- ९ वॅटचा सेन्सर बल्ब: २५० ते ५०० रुपये
- अनेक दिव्यांसाठी एक सेन्सर स्विच: ४०० ते ९०० रुपये
- वायरमनची मजुरी: २०० ते ३०० रुपये

बचत
९ वॅटचा बल्ब रोज १० तास जळला तर महिन्याला २.७ युनिट होतात. सेन्सरमुळे तो तासभरच जळेल, पण सेन्सरही २४ तास थोडी वीज खातो. युनिटला साडेसहा रुपये धरले तरी महिन्याला १३-१४ रुपयेच वाचतात. एका स्विचवर चार बल्ब असतील तर बचत साठ रुपयांच्या घरात जाते आणि साधारण सव्वा वर्षात खर्च वसूल होतो. एकट्या बल्बसाठी बचतीचा हिशेब करूच नका. म्हातारं माणूस पडणार नाही, हाच त्याचा मोबदला.

घेताना, लावताना
- पांढरी, बारीक चौकटींची घुमटी पाहून घ्या. ते फ्रेनेल भिंग. घुमटी नसलेले बरेच बल्ब मायक्रोवेव्हवर चालतात आणि पातळ भिंतीपलीकडच्या हालचालीनेही लागतात.
- दोन-अडीच मीटर उंचीवर, येणारा माणूस आडवा जाईल असा बसवा. काचेआड तो निकामी ठरतो.
- मे-जूनमध्ये हवा अंगाइतकी तापली की माणूस आणि भिंत यांतला फरक पुसट होतो आणि पल्ला घटतो. पश्चिमेची तापलेली भिंत टाळा.
- माकडं आली तरी दिवा लागणारच. गच्चीकडे त्याचं तोंड नको.

पावती आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानातच बल्ब लावून, समोरून चालून बघा.