आधी काम बघून ये

तो पसंतीक्रमाचा फॉर्म आधी बंद कर आणि चार घास खाऊन घे बघू. उपाशीपोटी बाजारात गेलं की नको ते पिशवीत येतं. फॉर्मचंही तसंच असतं गं. नीटचा निकाल लागला, एमबीबीएस हुकलं, आणि आता घरात ज्याला त्याला सल्ला सुचतोय. मामा म्हणतात, बीएएमएस घे, नावापुढे डॉक्टर तरी लागेल. आत्या म्हणते, फिजिओला हल्ली फार मागणी. शेजारच्या काकूंना वाटतं, एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी. सगळ्यांचं ऐकून घेता घेता तुझी झोप उडाली आहे. हो ना?

खरं सांगू का, मीही याच जागी बसले होते. ऑक्युपेशनल थेरपीपुढे खूण केली तेव्हा त्या शब्दाचा अर्थही मला धड माहीत नव्हता. यादीत दिसलं, मिळण्यासारखं होतं, घेतलं. पुढे दोन वर्षं कुणी विचारलं की 'फिजिओसारखंच असतं' असं सांगून मी विषय संपवायची. चुकलंच ते माझं. आपल्या कामाचं नाव घ्यायला जीभ अडखळत असेल, तर त्या कामावर जीव कसा जडायचा?

माझा जीव जडला तो एका आजींमुळे. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात गेला होता. मी त्यांना रोज फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवायला लावायची. बोटं थोडी हलायला लागली होती, पण आजींचं मन काही त्यात नसायचं. तीन आठवड्यांनी मी सहज विचारलं, "आजी, हात चालायला लागला की पहिलं काय कराल?" त्या म्हणाल्या, "तुळशीपुढं रांगोळी." दुसऱ्या दिवशी मी परातीत बारीक रवा नेला. चिमूट धरायची, बोटांतून सोडायची, रेघ ओढायची. मेहनत त्याच बोटांची, पण आजी आता वेळेआधी येऊन बसायला लागल्या. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्यांचे तीन आठवडे मी वाया घालवले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच असतो.

हेच आमचं काम बघ. ऑक्युपेशन म्हणजे इथे नोकरी नव्हे. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, पोळी लाटणं, शाळेत वहीत लिहिणं, म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. आजारानं किंवा अपंगत्वानं ते हातातून निसटलं की परत मिळवून द्यायचं. पूर्ण मिळत नसेल तर वेगळी वाट काढायची. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, तर न वळणाऱ्या मुठीतही बसतो. एवढ्याशा गोष्टीनं एखादे आजोबा स्वतःच्या हातानं वरणभात खायला लागतात, आणि त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आपल्याला दिसतो.

आणि हे शिक्षण आपल्याकडे रुजलं कसं, तेही ऐक. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन मुलगी लग्न करून निंबकरांच्या घरात आली, कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन तिनं ही विद्या शिकून घेतली आणि 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. देशातली ती पहिली. 1952 मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापक देशांत भारत होता. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर 'फिजिओसारखंच' असं मी कधीच म्हटलं नसतं.

आता तुझ्या यादीकडे वळू. तिथली नावं सारखी वाटतात, पण कामं अगदी वेगळी आहेत. फिजिओथेरपी स्नायू, सांधे, श्वास, चालणं यांच्याशी झुंजते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिलं पाऊल टाकायला लावणारी ती. बीएएसएलपी म्हणजे ऐकणं आणि बोलणं. कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या बाळाला आवाज ओळखायला शिकवणं, तोतरेपणावर काम करणं, अर्धांगवायूनंतर गिळता न येणाऱ्या माणसाला पुन्हा घोट घ्यायला शिकवणं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी ओळखली जाते. कृत्रिम हातपाय आणि आधार देणारे पट्टे बनवण्याचीही पदवी असते, त्यासाठी हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था बघ. तुझे हात कारागिरीत रमतात. राखी बनवताना तू जेवण विसरायचीस, आठवतं? म्हणून त्या अभ्यासक्रमाचं नाव तुझ्या कानावर घातलं.

राहिलं बीएएमएस. माझी एक मैत्रीण आयुर्वेदात आहे, शल्यतंत्रात एमडीच्या तोडीची एमएस केली तिनं. भगंदरासाठी ती क्षारसूत्र वापरते. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून एकवीस थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. जुन्या ग्रंथांतली ही पद्धत बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी नव्यानं अभ्यासून उभी केली. मैत्रिणीला त्या कामाचा अभिमान आहे, कारण ती आयुर्वेद शिकायला म्हणूनच या अभ्यासक्रमाला गेली होती. तिच्याच वर्गातल्या काही मुली केवळ डॉक्टर म्हणवून घ्यायला आल्या, साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं वर्ष मन मारून काढलं, आणि आज त्या जे करतात त्याचा त्यांच्या शिक्षणाशी फारसा संबंध नाही. म्हणून सांगते, बीएएमएस घ्यायचं तर आयुर्वेदासाठी घे. मागच्या दारानं एमबीबीएस मिळेल या आशेवर घेऊ नकोस.

होमिओपॅथीबद्दल तू विचारलंस, तर तिथेही डोळे उघडे ठेवून जा. आपल्याकडे ती मान्यताप्राप्त पदवी आहे, तिला रुग्णही आहेत. पण 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना सापडला नाही. अशा वादाला आयुष्यभर तोंड द्यायची आणि पुरावा वाचत राहायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचार.

कुठलीही वाट घे, एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेव. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे रुग्णाला स्वच्छ सांगता आलं पाहिजे. छातीत कळ येणारा माणूस पंचकर्माच्या टेबलावर झोपवायचा नसतो, त्याला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं. आमच्याकडे ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया येतात, 'हा पूर्ण बरा होईल ना?' असं विचारतात. हो म्हणायचा फार मोह होतो गं. पण मी सांगते, ऑटिझम जाणार नाही, पण तो स्वतःचे कपडे घालेल, ताटात जेवेल, त्यासाठी आपण दोघी मिळून काम करू. त्या रडतात, आणि पुढच्या आठवड्यात परत येतात. खरं सांगणाऱ्यावरच माणसं टिकून विश्वास ठेवतात.

पैशाचंही बोलू, कारण तुला ते विचारायला संकोच वाटतोय. पहिली वर्षं बेताची जातात. रुग्णालयं, विशेष शाळा, पुनर्वसन केंद्रं, घरी जाऊन दिलेली थेरपी, असे मार्ग आहेत. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथेही आमच्यासारख्यांची गरज लागते. मी पदवी हातात येताच कर्ज काढून स्वतःची खोली थाटली, आणि नात्यातल्या सगळ्यांना फुकट तपासत राहिले. दोन्ही चुका महागात पडल्या. तू निदान दोन वर्षं एखाद्या जाणत्या व्यक्तीच्या हाताखाली काम कर. आणि काकूंकडूनही फी घे, त्यांनाही मग व्यायाम मनापासून करावासा वाटतो.

कॉलेज निवडताना भिंतीच्या रंगावर जाऊ नकोस. त्याला स्वतःचं चालू रुग्णालय आहे का आणि ओपीडीत खरे रुग्ण असतात का, ते बघ. पदवीनंतर नोंदणी कुठे होणार, हे विचार. फिजिओ आणि आमच्यासाठी राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद, वाचा-श्रवणासाठी भारतीय पुनर्वास परिषद, आयुर्वेदासाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. तीन महिन्यांत 'थेरपिस्ट' बनवणारं कुणी भेटलं आणि नोंदणीचं नाव काढताच विषय बदलायला लागलं, तर तिथून सरळ उठून ये.

आता तुझं काम ऐक. या आठवड्यात दोन दिवस काढ. एक दिवस माझ्याकडे येऊन बस, दुसऱ्या दिवशी मी तुला मैत्रिणीच्या दवाखान्यात पाठवते. सकाळचा उत्साह बघू नकोस, संध्याकाळी चारनंतरचं बघ. तोच व्यायाम पन्नासाव्यांदा करून घेताना, तोच दोरा पुन्हा वाळवताना, तेच अक्षर पुन्हा गिरवून घेताना आमचे चेहरे कसे असतात ते बघ. या सगळ्या वाटांवर चमत्कार थोडे आणि चिकाटी फार. ती चिकाटी तुझ्यात आहे. तुझ्या आजी आजारी होत्या तेव्हा तू महिनाभर त्यांची वेणी घालत होतीस, एक दिवस चुकवला नाहीस. मी बघितलंय ते.

फॉर्मची मुदत संपायच्या आत हे दोन दिवस होतील, घाबरू नकोस. बघून झालं की रात्री फोन कर. कॉलेजांची नावं सांगू नकोस. कुठलं काम बघताना तुझं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तेवढं सांग. मग पसंतीक्रम आपण दोघी बसून भरू.