शेगडी बाहेरच राहू दे

रत्नागिरी

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या ताईचा फोन आला. पुण्यात थंडी पडली आहे, तुम्ही तिघा मित्रांनी बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवून बांगडे भाजले, चारही करपले, हे तिने हसत हसत सांगितलं. पुढचंही हसतच सांगितलं, की उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी तुम्ही ऊब हवी म्हणून खोलीत आणली आणि दारं-खिडक्या लावून झोपलात. त्या रात्री आत्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

बांगडे करपले त्याचं काही नाही, बांगडे पुन्हा मिळतील. पण शेगडी खोलीत आणायची अक्कल तुला कुणी दिली? धूर संपला म्हणजे निखारा निरुपद्रवी झाला, असं वाटतं माणसाला. खरं तर धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं त्याच्या दोनशे पटींहून घट्ट या वायूला धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बातम्या येतात, की बंद खोलीत अंगीठी ठेवली आणि सकाळी दार तोडावं लागलं. तुझे आजोबा कोकणातल्या ओसरीवर शेगडी घेऊन बसायचे, पण ती ओसरी तीन बाजूंनी उघडी होती. तुझा फ्लॅट म्हणजे ती ओसरी नव्हे.

आता मासा का करपला ते. मटणाचे तंतू चिवट असतात, त्यांना वेळ लागतो. माशाचं मांस नाजूक, साधारण 60 अंश सेल्सियसला शिजून त्याच्या पाकळ्या सुटायला लागतात. निखाऱ्यावरची जाळी दोनशे अंशांच्या पुढे असते. म्हणजे मासा शिजायला हवी त्याच्या कितीतरी पट आच खाली असते, आणि जरा दुर्लक्ष झालं की मासा गेलाच. कॅनडाच्या मत्स्यखात्याने गेल्या शतकात एक सोपा नियम रुजवला. जिथे मासा सर्वात जाड, तिथे मोजायचं आणि दर इंचाला 10 मिनिटं द्यायची. बांगडा इंचभरही जाड नसतो. एकदाच उलटायचा आणि आठेक मिनिटांत उतरवायचा. ताई म्हणाली, तुम्ही अर्धा तास ठेवला होता. अर्ध्या तासात उरतं काय?

शिवाय बांगडा तेलकट. त्याचं तेल निखाऱ्यावर ठिबकतं, ज्वाळा उठते आणि साल काळी होते. म्हणून निखाऱ्यांवर पांढुरकी राख चढेपर्यंत थांबायचं, मग ते शेगडीच्या एका बाजूला सारायचे. मासा आधी त्या बाजूला, ज्वाळा उठली की लगेच दुसऱ्या बाजूला. घाईत लोक जाळी तापायच्या आधीच मासा टाकतात, मग तो चिकटतो आणि उचलताना फाटतो. जाळी कडकडीत तापू दे. अर्धा कांदा तेलात बुडवून, काट्याला टोचून जाळीवर फिरव, मग मासा ठेव. आणि ठेवल्यावर हलवू नकोस. साल भाजली की तो आपणच सुटतो.

मसाल्याने तर अर्धं काम बिघडतं. लसूण आणि लाल तिखट माशाच्या आधी जळतात, आणि ओला मसाला थापला की सालीवरचं पाणी उडेपर्यंत आतला मासा कोरडा पडतो. हळद, मीठ, थोडं कोकमाचं आगळ, पंधरा-वीस मिनिटं, बस. मग कोरड्या फडक्याने वरून टिपून घे. लसूण-तिखट हवंच असेल तर ते पोटात आणि दोन्ही बाजूंच्या चिरांत भर. लिस्बनमध्ये जून महिन्यात संत अंतोनियोच्या सणाला गल्लोगल्ली तारल्यांसारखे मासे भाजतात, तेही नुसत्या जाड्या मिठावर. आणि भाजतात ते रस्त्यावर, मोकळ्या हवेत. बघ, तिकडेही शेगडी घरात नाही.

बांगडा घेताना कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर, बोट दाबलं की मांस पुन्हा वर यायला हवं. घरी आणून उन्हात, टेबलावर ठेवू नकोस. बांगडा, तारली हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही भाजलं तरी जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास थुंकून टाकायचा, पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही.

हे सगळं लिहिताना आत्याला एक जुनी दुपार आठवते आहे. आता 1 जून ते 31 जुलै सरकारी मासेमारीबंदी असते. तेव्हा होड्या पावसाच्या तोंडावर वर ओढायचे, मग ताजा मासा जवळपास बंदच. त्या वर्षी आजोबांनी शेवटच्या होडीतून दोन पापलेटं आणली आणि आत्याला म्हणाले, भाज. ती 19 वर्षांची होती, मैत्रीण दारात उभी होती, नाटकाला जायचं होतं. तिने आग मोठी केली. बाहेरून कोळसा, आत काट्यापाशी कच्चं. तिने ती पापलेटं परसात पुरली आणि मांजराने नेली म्हणून सांगितलं. दार उघडं कुणी टाकलं, यावर आजोबांनी तुझ्या बाबांना चापट मारली. ते नऊ वर्षांचे होते. त्यांनी मातीचा ढीग पाहिला होता, तरी एक शब्द बोलले नाहीत. आजोबा गेले, पण आत्याने ही गोष्ट ना त्यांना सांगितली, ना तुझ्या बाबांची माफी मागितली.

म्हणून ती तुझ्यावर चिडली असेल तर ते करपल्या बांगड्यांसाठी नाही. मित्रांना पोटभर खायला घालायचं तुझ्या मनात आलं, हे आजोबांचंच रक्त. फक्त फ्लॅटमध्ये कोळसा नको. गॅसवर बिडाचा तवा पाच-सात मिनिटं तापव, तेलाचं बोट फिरव, त्यावर बांगडा ठेव. किंवा केळीचं पान आचेवर शेकून मऊ कर आणि मासा त्यात गुंडाळ. पान करपतं, मासा वाफेवर शिजतो, नवशिक्यालाही जमतं. आणि तेव्हाही स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेव.

राहवलं नाहीच आणि शेगडी पेटवलीस, तर गच्चीवर पेटव. झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओत, हात लावून गार झाल्याची खात्री कर आणि शेगडी बाहेरच ठेव. थंडी वाजली तर आत्याने गेल्या वर्षी दिलेली गोधडी कपाटात आहे, ती घे. वापरली नाहीस ना अजून?

संक्रांतीला ये. इथे अंगणात शेगडी आहे, जाळी आहे, आत्या बाजारातून तुझ्या हाताएवढे बांगडे आणेल. तू भाज, ती शेजारी बसेल, बोलणार नाही. बाबांनाही घेऊन ये. ते जेवायला बसले की तिला त्यांना त्या दोन पापलेटांचं सांगायचं आहे.

तोवर आज रात्री झोपण्यापूर्वी एक फोन कर, आणि खिडकी उघडी आहे एवढं सांग.

तुझी आत्या