जयपूरचे धरणे

१९९७ सालचा मे महिना. ऐन उन्हाळ्यात राजस्थानच्या खेड्यांतील स्त्री-पुरुष जयपूरला सचिवालयाजवळ धरणे धरून बसले. मजदूर किसान शक्ती संघटनेचे हे लोक. पंचायतीच्या कामांची बिले, हजेरीपट आणि जमाखर्चाच्या नोंदी यांच्या छायाप्रती गावकऱ्यांना मिळाव्यात, एवढीच त्यांची मागणी होती. कागदावर मजुरी पूर्ण आणि हातात मात्र अपुरी, असा अनुभव पदरी असल्यावर हजेरीपट पाहावासा वाटणारच.

मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी १९९५ मध्ये विधानसभेत तसे आश्वासन दिले होते. वर्ष लोटले, तरी गावकऱ्यांच्या हाती काही पडले नाही. म्हणून १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे झाले आणि पुढच्या वर्षी जयपुरात ५३ दिवस. या संघटनेच्या आंदोलनात गाणी असत, कठपुतळ्यांचे खेळ असत. जयपूरच्या धरण्याचा शेवट तर नाटकालाही लाजवील असा झाला. छायाप्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच निघाली आहे, असे उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले! ज्यांच्यासाठी ती काढली, त्यांनाच तिचा पत्ता नव्हता. पुढे २००० मध्ये राजस्थानात आणि २००५ मध्ये देशभर माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना दिला आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. निर्बंध वाजवी कोणता, यावरच खरा वाद होतो. सरकारी नोकरांनी कोणतेही निदर्शन करू नये, असा नियम बिहार सरकारने केला होता. शांततापूर्ण निदर्शन हेही मत मांडण्याचेच साधन आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ती सरसकट बंदी रद्द केली. संपाचा हक्क मात्र मूलभूत मानला नाही. सरकारी समारंभात राष्ट्रगीत सुरू झाले की उभे राहणे हा शिष्टाचार आहे. पण श्रद्धेमुळे न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये चुकीचे ठरवले. मौन आणि अनादर यांतील हा फरक समारंभाच्या आयोजकांनीही ओळखायला हवा. उलट, भाषण ऐकायला आलेल्यांना ते ऐकूच न देणे हे मौनात बसत नाही.

२०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील जंतरमंतरवर निदर्शनांना मनाई केली. तेव्हा जयपूरला धरणे धरणारी हीच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. परिसरातील रहिवाशांना गोंगाटाचा त्रास होतो, हे न्यायालयाने नाकारले नाही. तरीही सरसकट बंदी योग्य नाही, असे २३ जुलै २०१८ च्या निकालात सांगून त्याने निदर्शनांसाठी मार्गदर्शक नियम तयार करण्यास पोलिसांना फर्मावले.